स्पीकरची खरेदी : छापील आकडा आणि खरा आवाज

मालाचे वजन आणि भाव दोन्ही पारखून घेणारा व्यापारी घरासाठी संगीताची सामग्री घेताना मात्र पुष्कळदा एकाच आकड्यावर विसंबतो. तो आकडा म्हणजे वॅट. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅट छापलेले दिसले की यंत्र दमदार असावे, असा समज होतो. वास्तविक पीएमपीओ हे कोणत्याही सर्वमान्य पद्धतीने ठरलेले माप नव्हे. सातत्याने मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ या नावाखाली दिलेली असते. वहीतले येणे आणि गल्ल्यातली रोकड यांत जे अंतर, तेच या दोन आकड्यांत.

त्यातही साधा, म्हणजे पॅसिव्ह, बुकशेल्फ स्पीकर घेताना वॅटचा आकडा दुय्यमच होय. असा स्पीकर शक्ती निर्माण करीत नाही. अ‍ॅम्प्लिफायरने पुरवलेल्या शक्तीतून आवाज काढतो. तो किती काटकसरीने काढतो, हे ‘सेन्सिटिव्हिटी’ सांगते : २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटर अंतरावर मिळणारे डेसिबल. येथे ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत दुपटीचा फरक. दोन्ही स्पीकर ८ ओहमचे असतील, तर ८८ डेसिबलचा स्पीकर ४० वॅटवर जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी ८५ डेसिबलच्या स्पीकरला ८० वॅट लागतील. स्पीकरमध्ये वाचलेले पैसे अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये निघून जातात.

मग पेटी लहान, सेन्सिटिव्हिटी अधिक आणि खर्जही खोल, असा स्पीकर का मिळू नये? याचे उत्तर ‘हॉफमनचा लोहनियम’ या नावाने प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील केएलएच या कंपनीच्या नावातील ‘एच’ हे अक्षर ज्यांचे, त्या अँटन हॉफमन यांनी दाखवून दिले की, या तीन गुणांपैकी दोनच एका वेळी पदरात पडतात. सेन्सिटिव्हिटी तीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा, तर पेटीचे घनफळ आठपट करावे लागते. लहान पेटीतून तिन्हींचे आश्वासन देणारी जाहिरात म्हणूनच सावधपणे वाचावी.

तेव्हा कोणता गुण सोडावयाचा, हे घरात काय ऐकले जाते यावर ठरते. पहिल्या काळ्या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे मंद्र षड्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. केईएफचा क्यू १५० हा सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा स्पीकर ५१ हर्ट्झपासून ±३ डेसिबलच्या मर्यादेत चालतो, असे त्याचे तपशीलपत्रक सांगते. कंठसंगीत आणि हार्मोनियम यांना एवढे पुरेसे आहे. पत्रकात ही ± मर्यादा दिलेली नसेल, तर हर्ट्झचे आकडे वजनाविना भाव सांगितल्यासारखे समजावेत. उलट ३०,००० हर्ट्झच्या बढाईला किंमत मोजण्याचे कारण नाही. तरुण कानांची मर्यादाही २०,००० हर्ट्झच्या आसपास असते आणि वयोमानानुसार ती बरीच खाली येते.

जाणूनबुजून केलेल्या त्यागाचे उत्तम उदाहरण बीबीसीचे आहे. १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतील अपुऱ्या जागेसाठी तिच्या अभियंत्यांनी एलएस३/५ए हा छोटा स्पीकर तयार केला. खोल खर्ज आणि मोठा आवाज त्यांनी सोडून दिला. मानवी आवाजाचा खरेपणा मात्र राखला. त्या रचनेचे स्पीकर आजही बनतात आणि विकले जातात.

दुकानात परीक्षा घेताना परिचयाचेच ध्वनिमुद्रण न्यावे आणि दोन्ही जोड्या समान पातळीवर ऐकाव्यात. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला सरस वाटतो, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असते. शब्द स्पष्ट उमटतात का, तबल्याची चाट मोकळी वाजते की कर्कश, आणि अर्ध्या तासानंतर कान थकतो का, हे पाहावे. अ‍ॅम्प्लिफायर किती ओहमपर्यंतचा भार पेलतो, हेही विचारून घ्यावे. पक्के बिल आणि भारतातील अधिकृत वितरकाची हमी असल्याशिवाय सवलतीच्या भावाला भुलू नये.

घरी आणल्यावर नाव ‘बुकशेल्फ’ असले तरी स्पीकर कपाटात कोंबू नयेत. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. मागे पोर्ट असल्यास भिंतीपासून अंतर ठेवावे, नाहीतर खर्ज फुगून घुमतो. फरशी आणि उघड्या भिंतींच्या दिवाणखान्यात जाड पडदे व सतरंजी यांनी आवाजाचा कर्कशपणा पुष्कळ निवतो. काही मीटर अंतरासाठी दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. महागड्या तारांचे पैसे स्पीकरकडे वळवावेत.

घरातील वृद्धांना गाण्याचे शब्द न सांगता समजले, आवाज वाढवा असे कोणाला म्हणावे लागले नाही आणि भिंतीपलीकडचा शेजारीही तक्रार घेऊन आला नाही, तर खरेदी फायद्याची झाली असे खुशाल मानावे.