लष्करी मोटार व डोंगरी गांवचा बंब

माघ सरला कीं तोरणा व राजगड ह्यांच्या उतारांवरील गवत कडकडीत वाळतें, आणि तेथून पहिला पाऊस पडेपर्यंत वेल्ह्याच्या बाजूच्या कोणत्याही वाडीस निर्धास्त झोंप लागत असेल असें म्हणवत नाहीं. कोठें राब भाजतांना वारा सुटतो, कोठें गडावर आलेला पाहुणा चूल न विझवितांच खालीं उतरतो, आणि वणवा पेंढ्याच्या उडव्यांपर्यंत व गोठ्यापर्यंत येऊन भिडतो. पुण्याचा बंब यावयाचा तर नसरापुरावरून किंवा पाबे घाटांतून पन्नास-साठ किलोमीटर यावें लागतें. तोंवर गोठ्याची राख झालेली असते. तेव्हां बंब जवळच असावा हें उघड आहे. तो कसला असावा, एवढाच विचार करावयाचा.

लष्करानें काढून टाकलेल्या मोटारीचा बंब करावा, ही कल्पना कांहीं नवी नव्हे. अमेरिकेंत वनखात्याच्या मार्फत अशा मोटारी खेड्यांतील अग्निशामक पथकांस वापरावयास मिळतात. त्या पथकांतील बहुतेक माणसें आपापला धंदा सांभाळून आगीवर धांवणारे स्वयंसेवक असतात. एका योजनेंत तर मोटारीची मालकी सरकारचीच राहते, व आगीच्या कामासाठीं म्हणूनच ती पथकाच्या हवालीं केली जाते. मिशिगन संस्थानांत रॉस्कॉमन येथें, मोटारीवर टाकी व पंप कसे बसवावेत ह्याचे नकाशे करून देणारें एक केंद्रच निघालें. २०१४ सालीं धुराच्या नियमांवरून ह्या मोटारी देणें थांबलें, तेव्हां खेड्यांतून मोठी ओरड झाली, आणि थोड्याच दिवसांत तें पुन्हा सुरू करावें लागलें.

आपल्याकडे लष्कराची जुनी मोटार लिलावांत निघते व जास्त बोली करणाराच्या हातीं जाते. ग्रामपंचायतीनें भंगारवाल्याच्या शेजारीं उभें राहून बोली करावी, हें आम्हांस कांहीं शोभादायक वाटत नाहीं. खडकी व देहूरोड येथें लष्कराचीं एवढीं मोठीं भांडारें असतां, त्यांच्या शेजारच्या डोंगरी मुलखास निदान एक मोटार लिलावापूर्वीं उसनी मिळावी, ही मागणी अवास्तव नव्हे.

लिलाव म्हटला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें जबलपूरची जोंगा उभी राहते. तिच्या मजबुतीविषयीं दुमत नाहीं. परंतु तिचें उत्पादन बंद होऊन पंचवीस वर्षें लोटलीं, आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकारच्या, नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या मालकीच्या १५ वर्षांवरील मोटारीची नोंदणी पुढें चालत नाहीं. वर्षांतून मोजके दिवस धांवणाऱ्या बंबाचें वय वर्षांनीं न मोजतां तपासणीनें ठरवावें, असें आमचें मत आहे. पण नियम आहे तोंवर जोंगाचा नाद सोडलेला बरा.

दुसरा मोह मोठ्या ट्रकाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. अडीच टन भार वाहणाऱ्या ट्रकावर अडीच हजार लिटरची टाकी चढवावी असें घाईनें वाटतें; मग खुद्द टाकीचें, पंपाचें, नळ्यांचें व माणसांचें वजन कोठें जावयाचें? शिवाय दोरानें आंवळलेला लष्करी माल जागचा हलत नाहीं, पाणी मात्र हलतें. अर्धी भरलेली टाकी घाटाच्या वळणावर एका अंगास धांवते व मोटारीस आपल्याबरोबर ओढते. टाकींत आडवे पडदे घालावे लागतात तें ह्यासाठींच. टाकी शक्य तितकी बुटकी ठेवावी लागते तीही ह्याच भीतीनें. पाबे घाट ज्यांनीं पावसांत उतरला आहे त्यांस अधिक सांगणें नको.

म्हणून आम्ही लहान मोटारीच्या बाजूचे आहों. लष्कराच्या वापरांतील मारुति जिप्सी चारी चाकांनीं ओढते व सुमारें अर्धा टन भार वाहते. त्यांतून तीन माणसें, पंप व नळ्या वजा केल्या तरी २०० लिटर पाणी सहज राहतें. मिनिटास २० लिटर बारीक तुषार सोडणाऱ्या पंपास तें दहा मिनिटें पुरेल. घर पेटलें तर हें पाणी थिटें पडेल हें खरें. परंतु बांधावर नुकत्याच लागलेल्या गवताला तें पुष्कळ झालें, आणि तेथवर मोठा ट्रक मुळीं पोंचणारच नाहीं. फेरफारास परिवहन कार्यालयाची परवानगी मात्र आधीं घ्यावी.

उद्घाटनास लाल रंगाचा मोठा बंबच शोभून दिसतो, हें आम्ही जाणतों. तथापि रात्रीं दोन वाजतां तो चालविणार कोण? बॅटरी उतरली, टाकी रिकामी आहे, किल्ली पुण्यास गेलेल्या गृहस्थांच्या खिशांत आहे, अशा बंबापेक्षां हिरव्या डहाळ्या घेऊन धांवणारे दहा तरुण बरे. ज्यांनीं आपदा मित्र म्हणून शिक्षण घेतलें आहे त्यांजकडे हें काम प्रथम सोंपवावें, आणि मोटारीच्या अर्जांत पहिल्या ओळींत चालकांचीं नांवें व किल्लीची जागा लिहावी. मोटारीचें वर्णन त्याखालीं आलें तरी चालेल.