शेरा : असमाधानकारक

आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईची माहिती लिहून घ्यायला एक छापील अर्ज आहे. त्यात ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यापुढे मारहाण, हुंडा, दारू, संशय, पोटगी, मुलांचा ताबा असं सगळं ओळीनं छापलेलं आहे आणि अगदी शेवटी ‘इतर’. गेल्या पावसाळ्यात पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन एक मुलगी आली. मुलगी म्हणते, पण तिशीला आलेली. नवरा मारतो का? नाही. सासू त्रास देते का? तसा नाही. मग? तिनं बाळाच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि म्हणाली, “ताई, माझा प्रोग्रेस रिपोर्ट खराब आलाय.”

मी ‘इतर’पुढे खूण केली. खरं सांगते, मनात आलं की ही चुकीच्या दारात आलीय.

तो पीएच. डी.चा सहामाही प्रगती अहवाल होता. वर तिचं नाव, विषय, नोंदणीची तारीख. मध्ये तिनं केलेल्या कामाची चार ओळींत माहिती. आणि खाली मार्गदर्शकाच्या अभिप्रायासाठी ठेवलेल्या मोठ्या चौकोनात एकच शब्द, ‘असमाधानकारक’. त्याखाली सही.

(तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.)

ती राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळालेल्या फेलोशिपवर संशोधन करते. ही फेलोशिप पहिली दोन वर्षं कनिष्ठ असते. मग समिती काम तपासते आणि पसंत पडलं तर पुढची तीन वर्षं वरिष्ठ. 2023 पासून कनिष्ठला महिना 37,000 आणि वरिष्ठला 42,000 रुपये मिळतात. तिची दोन वर्षं संपत आली होती. घरी तिचं शिक्षण चालवून घेतलं जात होतं ते या पैशांमुळे, हे तिनंच सांगितलं, तेही कसलीही कटुता न आणता. “पैसे थांबले की ‘झालं ना आता शिकून’ सुरू होईल,” ती म्हणाली. म्हणजे विद्यापीठातल्या त्या एका शब्दाचा निकाल तिच्या स्वयंपाकघरात लागणार होता. मग ती चुकीच्या दारात आली होती असं कसं म्हणू?

आता गोष्टीतला अवघड भाग. तिच्या मार्गदर्शक बाई आहेत. चांगल्या, अभ्यासू, स्त्रियांच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या. बाळंतपण जवळ आलं तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, “रजेचा अर्ज देऊ नकोस, कागद वर गेला की फेलोशिपचं काहीतरी लचांड होतं. तीन महिने ये नको, हजेरीचं मी बघते.” आणि त्यांनी बघितलंही. त्याआधी सातव्या महिन्यापर्यंत ही मुलगी विभागाच्या नॅकच्या फायली लावत होती, पेपर तपासणीच्या याद्या करत होती. बाळंतपणानंतर शनिवारी यायला तिनं नकार दिला, तेव्हा मात्र मॅडमचा सूर बदलला. “मी मूल मांडीवर घेऊन प्रबंध लिहिला. आम्ही नाही का केलं?” आणि जूनअखेर हा शेरा आला. तिनं डिसेंबरात दिलेलं दुसरं प्रकरण तेव्हाही मॅडमकडेच होतं, एकही खूण न करता.

‘आम्ही नाही का केलं?’ हे वाक्य आपण सासवांच्या तोंडून पुष्कळ ऐकलं आहे. पण मॅडमना खलनायिका करून हा प्रश्न सुटणार नाही. हक्काची रजा मिळाली नाही, मेहेरबानी मिळाली. आणि मेहेरबानी करणाऱ्याला ती कधीही परत मागता येते. मॅडमच्या जागी कुणीही असतं तरी ही गाठ अशीच पडली असती, कारण ती बांधली आहे नियमांनीच.

म्हणून आम्ही दोघी नियम वाचायला बसलो. (बाळ माझ्या सहकारी ताईंकडे.) विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच. डी.साठीची नवी नियमावली नोव्हेंबर 2022 मध्ये आली. तिच्यानुसार प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती असते. संशोधकानं दर सत्रात तिच्यापुढे उभं राहून काम मांडायचं आणि थोडक्यात लेखी अहवाल द्यायचा. प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीनं त्याची कारणं नोंदवायची आणि सुधारणेचे उपाय सुचवायचे. ते उपायही पाळले गेले नाहीत तर समिती कारणं देऊन नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. वाचायला ठीक वाटतं. पण या समितीचा निमंत्रक कोण? मार्गदर्शक स्वतः. 2016च्या नियमावलीतही तेच होतं. विद्यार्थिनीच्या कामाचा जो निम्मा भागीदार, त्यानंच तिच्या कामाचा न्याय करणारी बैठक बोलवायची. काम अडलं ते तिच्यामुळे की त्याच्यामुळे, हा प्रश्न त्या खोलीत विचारणार कोण?

बायकांसाठी नियमावलीत सवलती आहेत, त्या नाकारण्याचं कारण नाही. पीएच. डी.ला एरवी सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून जास्तीत जास्त आठ. स्त्रियांना आणखी दोन, म्हणजे दहापर्यंत. पूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. लग्नामुळे गाव बदललं तर संशोधनाची सामग्री काही अटींवर नव्या विद्यापीठात नेण्याची मुभा. पण रजा ‘द्यावी’ असं म्हटलेलं नाही, ‘देता येईल’ असं म्हटलं आहे. या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत किती बायका अडकतात, ते आमच्यासारख्या केंद्रात बसल्यावर दिसतं. आणि वाढीव वर्षं बायकांना दिली, पण फेलोशिप पाचच वर्षांची. उरलेली वर्षं कुणाच्या जिवावर काढायची? नवऱ्याच्या, बापाच्या, नाहीतर तासिका तत्त्वावर चार कॉलेजांत धावून.

अहवालाच्या नमुन्यात तर ‘या सहा महिन्यांत रजेवर होतात का?’ एवढी साधी ओळही नव्हती. मार्गदर्शकाशी भेटी किती झाल्या, प्रकरण कधी दिलं, अभिप्राय कधी मिळाला, याला जागा नव्हती. सगळे प्रश्न तिला. तिनं काही विचारायचं झालं तर त्यासाठी कागदावर रकाना नाही.

स्त्री संशोधकाला अशा कसोटीवर उभं करणं नवं नाही. 1933 मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिलं वर्ष उमेदवारीचं, मार्गदर्शक सांगतील तसं रात्रीही काम करायचं आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडू द्यायचं नाही. वर्षानंतर रामन यांचं समाधान झालं. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या आणि 1939 मध्ये तिथली पीएच. डी. मिळवली. त्या जिंकल्या म्हणून आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो. पण अपमान त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या. आणि त्या एका वर्षात ज्यांच्यावर ‘समाधानकारक’ असा शेरा पडला नसता, त्यांची गोष्ट सांगायला कोण उरलं असतं?

मीही या रांगेत उभी राहून आले आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर तीन वर्षं नोकरी केली, मग पीएच. डी.ला नाव घातलं आणि तिसऱ्या वर्षी सोडलं. माझ्या पाचही अहवालांवर ‘समाधानकारक’ आहे. माझ्या सरांनी त्यातलं एकही पान वाचलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी चार-पाच जण बसायचे, चहा यायचा, मी दहा मिनिटं बोलायचे, “चालू ठेवा” म्हणायचे. वडिलांच्या आजारपणात माझं क्षेत्रकाम वर्षभर बंद होतं. वस्तीत मी पाऊल टाकलं नव्हतं. तरी ‘समाधानकारक’. तेव्हा वाटायचं, सर किती समजूतदार. आज वाटतं, कुणीतरी ‘असमाधानकारक’ लिहून ‘का?’ असं विचारलं असतं तर कदाचित मी आज ते काम पुरं केलं असतं. म्हणून देखरेखच नको असं म्हणणाऱ्यांच्यात मी नाही. न वाचता मारलेला होकार आणि न वाचता मारलेला नकार, दोन्ही एकाच टेबलावरून येतात.

जिथे मार्गदर्शक पुरुष असतो तिथे आणखी एक भीती असते, ती आपल्याला माहीत आहे. ‘प्रकरणावर चर्चा करायला घरी ये’ हे शब्द मी वेगवेगळ्या तीन मुलींकडून ऐकले आहेत. त्यातल्या एकीनंही अंतर्गत समितीकडे तक्रार केली नाही. कारण तक्रारीला मुदत तीन महिन्यांची, फार तर आणखी तीन वाढवून मिळतात. आणि सही मात्र पाच वर्षं लागते. वास्तविक अनुदान आयोगाच्या 2015च्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत एक फार चांगली तरतूद आहे : चौकशी चालू असताना, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. त्या तिघींपैकी एकीलाही ही तरतूद कुणी सांगितली नव्हती. मीसुद्धा ती नीट वाचली ती या मुलीच्या निमित्तानं.

ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत वार्षिक आढावा मार्गदर्शक घेत नाही. कामाशी संबंध नसलेले दुसरे प्राध्यापक घेतात, आणि मार्गदर्शकाला बाहेर ठेवून विद्यार्थ्याशी बोलतात. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण मार्गदर्शकाशिवायची ही दहा मिनिटं आपल्याकडे मिळायला काय हरकत आहे? त्याला पैसा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. निमंत्रकपद समितीतल्या दुसऱ्या कुणाकडे द्यायचं, अहवालात मार्गदर्शकानं प्रकरण कधी परत केलं त्याची तारीख लिहायची, आणि घेतलेली रजा मुदतीतून आपोआप वजा करायची, तिनं वेगळा अर्ज करून याचना न करता. आपल्यातल्या कितीतरी जणी प्राध्यापक आहेत, अशा समित्यांवर बसतात. आपल्या विभागापुरती सुरुवात त्यांना उद्याही करता येईल. मार्गदर्शक म्हणून त्यांना ती रुचेल का, हा प्रश्न मी मुद्दाम विचारते आहे.

त्या मुलीनं अर्ज केला. ‘नियमानुसार कारणे लेखी द्यावीत’ एवढंच त्यात लिहिलं आणि दुसरं प्रकरण पाठवल्याच्या ईमेलची प्रत जोडली. रजेबद्दल लिहावं की नाही यावर आमचा तासभर वाद झाला. मी म्हणत होते, लिही. ती म्हणाली, “ताई, त्या तीन महिन्यांच्या हजेरीवर मॅडमची सही आहे. त्या अडकतील, आणि मीही.” ते खरं होतं. आम्ही लिहिलं नाही. ते दिवस आता कुठल्याच कागदावर नाहीत. तिनं मूल जन्माला घातलं हे विद्यापीठाला ठाऊकच नाही.

समिती पुन्हा बसली. तिच्यावरच्या एका ज्येष्ठ सरांनी प्रकरण मागून घेतलं, तिथेच चाळलं आणि दोन प्रश्न विचारले. शेरा बदलून आला : ‘समाधानकारक. दुसरे प्रकरण सुधारावे.’ फेलोशिप चालू राहिली. मॅडम आता तिच्याशी कामापुरतंच बोलतात, आणि अजून तीन वर्षं सही त्यांचीच लागणार आहे.

तिनं एक वही केली आहे, ती मला दाखवायला आणली होती. डाव्या बाजूला ‘दिले’, उजव्या बाजूला ‘परत आले’. डावीकडे पाच तारखा आहेत. उजवीकडे एक.