वसईचा नाताळ आणि घरची बोली

मार्गशीर्षाची थंडी जाणवू लागली की वसई तालुक्यातील निर्मळ, गास, नंदाखाल इत्यादी गावी दारोदारी कागदी चांदण्या टांगल्या जातात, अंगणात येशुजन्माचा गोठा मांडला जातो आणि घरोघरी करंज्या तळल्या जातात. हा केवळ परधर्मीयांचा सण, अशी आमच्या कित्येक वाचकांची समजूत असेल. वस्तुतः तो एका मराठी समाजाच्या वारशाचाही उत्सव होय.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांस मिळाली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. ह्या दोनशे वर्षांत येथील अनेक कुटुंबांचा धर्म पालटला. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच. परंतु घरची बोली पालटली नाही. येथील सामवेदी ब्राह्मण व सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, ह्या दोहोंची बोली एकच, कादोडी. ह्याच मातीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. धर्मांतर म्हणजे भाषांतर नव्हे, ह्याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

येथे दूरदेशीचे एक उदाहरण देणे उचित होईल. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात १८९० साली फ्रेंच भाषेचे राजभाषापद कायद्याने काढून घेण्यात आले, व १९१६ साली शाळांतील द्विभाषिक शिक्षणही बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने तो १८९० चा कायदा अवैध ठरविला तो १९७९ साली. परंतु तेथील फ्रेंच भाषिक त्या निकालाची वाट पाहत बसले नाहीत. विनिपेग शहराच्या सेंट बोनिफेस भागात १९७० पासून ते दर फेब्रुवारीत हिवाळी उत्सव भरवितात. होड्यांतून फरची वाहतूक करणाऱ्या आपल्या पूर्वजांचे स्मरण करून ते सारंगीच्या तालावर नाचतात, बर्फाच्या मूर्ती घडवितात, आणि मुले बर्फावर ओतलेला मेपलचा पाक काडीला गुंडाळून चाखतात. न्यायालय भाषेस पद देईल. गोडी मात्र उत्सवानेच लागते.

आज वसईत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, आणि आजी कादोडीत विचारते तर नातू इंग्रजीत उत्तर देतो. जे कादोडीचे, तेच रत्नागिरीकडील चित्पावनीचेही. शाळेत प्रमाणभाषा शिकवावीच. परंतु घरच्या बोलीस अशुद्ध म्हणून हिणवू नये. शब्दशुद्धीचा परमाचार्य जो पाणिनि, त्यानेही पूर्वेकडील व उत्तरेकडील लोकांचे निराळे प्रयोग आपल्या सूत्रांत आदराने नोंदविले आहेत.

म्हणून वसईच्या आमच्या गृहिणींस एवढेच सुचवावेसे वाटते : यंदा शेजारच्या कुपारी घरून फराळाचे ताट येईल तेव्हा ते घरातील वडीलधाऱ्या बाईने कादोडीत दोन शब्द बोलून घ्यावे, आणि मुलांस जवळ उभे करावे. इतर ठिकाणच्या घरांनी आपापल्या बोलीसाठी असाच एखादा सण निवडावा. करंजीसोबत कानी पडलेला शब्द मूल सहसा विसरत नाही.