ठिपके देखणे, पण मन मोकळं हवं

भगिनींनो, पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके मिरवणारा डाल्मेशियन कुत्रा तुम्ही चित्रात तरी पाहिला असेलच. दिसायला मोठा देखणा! पण या शुद्ध जातीत एक आनुवंशिक दोष आहे. लघवीत यूरिक आम्ल फार. त्याचे खडे होतात आणि बिचाऱ्याची लघवी अडते.

अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट शायबल यांनी १९७३ साली यावर उपाय काढला. पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि पुढे निरोगी पिल्लं निवडून ती डाल्मेशियनशीच जुळवली. ठिपके राहिले, दोष गेला! १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबाने अशा दोन कुत्र्यांची नोंदही केली. पण जातीची शुद्धता जाते म्हणून शौकिनांनी गिल्ला केला आणि नोंदणी थांबली. दार पुन्हा उघडलं ते २०११ साली. तोवर सोसलं ते मुक्या जनावरांनी.

विरोध करणाऱ्यांचंही कुत्र्यांवर प्रेमच होतं हो! पण ‘आपला तो बाब्या’ म्हटलं की दुसऱ्याचं चांगलं दिसेनासं होतं.

तुमच्या घरी कुणाला कुत्री प्रदर्शनात नेण्याचा नाद असेल, तर एवढं जरूर सांगा. दुसऱ्याचा कुत्रा जिंकला तर मोकळ्या मनानं शाबासकी द्यावी. आपल्या कुत्र्यातला दोष कुणी दाखवला, तर रागावण्याआधी ऐकून घ्यावं. पिल्लू घेताना आईबापांची बक्षिसं नंतर, तब्येत आधी विचारावी. आणि डाल्मेशियन असेलच, तर त्याला पाणी भरपूर द्या. कलेजी मात्र नको!