चेहरा झाकू, गोष्ट नाही

‘ताई, सगळं सांगते, पण फोटो काढू नका.’ खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. बाईला बोलायचे असते. पण बोलून झाल्यावर तिला त्याच घरात, त्याच गल्लीत नांदायचे असते. म्हणूनच आपल्या संघटनांजवळ अनुभवांचे गाठोडे एवढे मोठे असूनही त्यावरच्या फिल्म मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा घ्या. हळद, केळी आणि उसाचा हा टापू. अशा गावांत बाया एकमेकींना पाठमोऱ्या पाहूनही ओळखतात. तिथल्या एखाद्या बाईची मुलाखत घेतली आणि टीव्हीवाल्यांसारखा तिचा चेहरा धूसर केला, तरी दाराची चौकट, अंगावरचे लुगडे, बोलण्यातला हेल यांवरून संध्याकाळच्या आत तिचे नाव गावभर होते. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आहे. पण नवऱ्याची मारहाण, हुंड्यापायी छळ, जमिनीत हिस्सा मागितला म्हणून तोडलेले माहेर, यांबद्दल बोलणाऱ्या बाईला असे सरसकट कवच नाही. तिचे कवच आपणच शोधले पाहिजे.

असे एक कवच आहे ॲनिमेशनचे, म्हणजे आपण ज्याला कार्टून म्हणतो त्याचे. डेन्मार्कमध्ये २०२१ साली ‘फ्ली’ नावाचा अनुबोधपट झाला. अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेल्या एका निर्वासिताची ती खरी कहाणी. त्याची ओळख लपावी म्हणून नाव बदलले आणि सारी कहाणी चित्रांतून सांगितली. चेहरा झाकला गेला, गोष्ट झाकली गेली नाही.

पण चित्रे काढायची कुणी? फिल्मच्या एका सेकंदाला चोवीस चित्रे लागतात, म्हणजे मिनिटाला १४४०. दोन चित्रांत एक भागवले तरी ७२० उरतातच. नव्वदच्या दशकात युनिसेफची ‘मीना’ आपल्यापैकी अनेकींनी मुलींना दाखवली असेल. शाळेत जाऊ न दिलेली मीना पोपटाला शाळेत धाडून पाढे शिकते, ही कल्पना मुलींच्या मनात घर करून राहिली. मुंबईचे राम मोहन यांच्यासारखा जाणता कलावंत तिच्यामागे होता, आंतरराष्ट्रीय संस्थेचा पैसा होता, मोठे स्टुडिओ होते. आपल्या वाट्याला आले ते मीना दाखवण्याचे काम. तिला घडवणे आपल्या ऐपतीबाहेरचे होते.

आज यात एक फरक पडला आहे आणि तो आला आहे व्हिडिओ गेमच्या बाजूने. एखादा मुलगा गेम खेळत असताना नीट पाहा. बटण दाबले की पडद्यावरचा माणूस वळतो, दार उघडते, भिंतीवरची सावली सरकते. ही चित्रे आधी काढून ठेवलेली नसतात. यंत्र ती त्या क्षणी, सेकंदाला तीस किंवा साठ वेळा, नव्याने रेखाटत असते. ज्या प्रोग्रॅममुळे हे घडते त्याला गेम इंजिन म्हणतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आठवा. रंगमंच एकदा उभारला, बाहुली एकदा घडवली, की मग तिच्याकडून हवे ते करवून घेता येते. इथेही तसेच. घर, अंगण, बाई एकदा रचली, कुठून पाहायचे ते ठरवले, तिला चालवले, बोलवले आणि पडदा रेकॉर्ड केला, की फिल्म झाली. दर सेकंदाला चोवीस चित्रे काढत बसायला नको.

ही युक्ती नवी नाही. १९९६ साली ‘क्वेक’ नावाच्या बंदूकबाजीच्या गेममध्ये काही खेळाडूंनी एक छोटी फिल्म रेकॉर्ड केली. पुढे या प्रकाराला ‘मशीनिमा’ असे नाव पडले. सुरुवातीला हा पोरांचा विरंगुळा होता. आता मात्र ‘वॉर इज ओव्हर’ हा अनरिअल नावाच्या गेम इंजिनवर केलेला लघुपट २०२४ मध्ये ऑस्कर घेऊन गेला. २०२५ मध्ये लाटव्हियाच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. तो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर झाला आणि त्यातली चित्रेही गेमसारखी झटपट उमटणारी होती. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स या संस्थेने अनरिअलवरच ‘राजी’ हा गेम केला, तो २०२० साली आला. त्याची नायिका एक मुलगी आहे, तिची कथा मध्ये मध्ये छायाबाहुल्यांच्या दृश्यांतून उलगडते आणि संस्थेच्या संस्थापकांत श्रुती घोष ही स्त्री आहे.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण या साधनाच्या पोटातच आहे. गेमचा बाजार पुरुषांनी पुरुषांसाठी उभारला. त्यातली तयार बाई कशी असते? कंबर मुठीत मावेल अशी, अंगावर कपडे बेताचे, वय वीस-बावीसच्या पुढे न जाणारे. पेगी आह्वेश या अमेरिकन फिल्मकर्तीने २००१ साली ‘शी पपेट’मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. ‘टूम रेडर’ या गेममधली लारा क्रॉफ्ट तिने घेतली, पण गेम जिंकण्यासाठी खेळली नाही. लारा पुन्हा पुन्हा मरते, पुन्हा उठते, दुसऱ्याच्या बटणावर नाचते. बाईच्या जिण्यावरचे एवढे बोलके भाष्य त्याच गेममधून निघाले. २००५ साली पॅरिसच्या उपनगरांत दंगली उसळल्या, तेव्हा ॲलेक्स चॅन या तरुणाने गेम वापरून त्यावर ‘द फ्रेंच डेमॉक्रसी’ ही फिल्म केली. फिल्म करण्याचा त्याला पूर्वी काहीच अनुभव नव्हता. पण त्या गेममध्ये पॅरिस नव्हते. त्याला अमेरिकी शहराचे देखावे वापरून आपली गोष्ट सांगावी लागली.

जिथे पॅरिस सापडत नाही तिथे डोंगरकडा कुठून सापडणार? हळद वेचणारी, पदर खोचलेली, पंचेचाळिशीची बाई तयार मिळणार नाही. हळद शिजवायची कढई, उसाची मोळी, कोयता, चूल, रेशनच्या दुकानासमोरची रांग, काहीच मिळणार नाही. ते आपल्यालाच घडवावे लागेल. हे काम कष्टाचे आहे, पण एकदा केले की सगळ्यांच्या उपयोगाचे आहे. एका संघटनेने घडवलेली कढई दुसरीने वापरावी, तिने घडवलेली बैलगाडी पहिलीने घ्यावी. आपल्या गाण्यांचे आपण असेच केले आहे. कुणी रचली, कुणी चाल लावली, गायली सगळ्यांनी.

दुसरी अडचण हातांची आहे. वर ‘एखादा मुलगा गेम खेळत असताना’ असे म्हटले, ते उगाच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या सुमारे ४९ पुरुषांनी कधी तरी इंटरनेट वापरले होते. स्त्रिया होत्या अवघ्या २५. घरातला मोबाइल भावाच्या हाती आणि बहिणीच्या हाती झाडू, अशी स्थिती राहिली तर हे साधनही मुलांचेच होऊन बसेल. मग आपल्या बायांच्या गोष्टी पुन्हा दुसरेच कुणी सांगतील, त्यांना हव्या तशा.

काही मैत्रिणी म्हणतील, चित्रातल्या बाईवर लोक विश्वास कसा ठेवतील? ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून गावोगाव गेले. त्यात काम करणाऱ्या आपलीच कहाणी सांगत नव्हत्या, तरी समोरच्या बायांना ते आपलेच वाटले. लोक विश्वास ठेवतात तो तपशिलावर आणि प्रामाणिकपणावर. मात्र एक पथ्य पाळावेच लागेल. चेहरा झाकला म्हणजे आपली जबाबदारी संपली असे नाही. गाव, नाते, घटना यांतल्या ज्या खुणांनी ती ओळखू येईल त्या बदलाव्यात, आवाज दुसरीने द्यावा, आणि फिल्म पहिल्यांदा तिलाच दाखवावी. ती नको म्हणाली तर ती फिल्म तिथेच थांबली पाहिजे. कुणाच्या तयार गेममध्ये रेकॉर्ड केले तर त्यावर कंपनीचा हक्क आडवा येतो, हेही ध्यानात ठेवावे. स्वतः रचलेल्या देखाव्याला ही भीती नाही. ब्लेंडर आणि गोडॉट हे प्रोग्रॅम तर मोफत आहेत आणि साधी दृश्ये असतील तर बेताच्या संगणकावरही चालतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ॲनिमेशन, गेम यांसाठी धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. या रकमेतले कळमनुरी तालुक्यातल्या मुलींच्या वाट्याला काय येणार, हे विचारणे आपले काम आहे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये, मुलींच्या वसतिगृहात चांगले संगणक आणि शिकवणाऱ्या बाई मिळाल्याच पाहिजेत. शिक्षण मराठीतून असले पाहिजे आणि वेळ अशी की मुलगी उजेडात घरी पोचेल.

पण सरकारची वाट पाहत थांबायचे कारण नाही. जिल्ह्यातल्या चार संघटनांनी मिळून एक संगणक घ्यावा, दहावी-बारावी झालेल्या तीन-चार मुलींनी त्यावर बसावे. पहिली फिल्म एका मिनिटाची असू द्या: एक खोली, एक दार आणि दाराआड उभी असलेली एक बाई. ती काय बोलणार हे गटातल्या बायांनी मिळून ठरवावे. एवढे जमले की दुसऱ्या मिनिटाला ती दार उघडून बाहेर येईल.