विषाणू हवेतून, विटाळ मात्र आमच्या हाताचा!

२०२० च्या मार्चमध्ये 'सोशल डिस्टन्सिंग' आलं आणि मराठीत त्याचं 'सामाजिक अंतर' झालं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र पहिलाच शब्द रुळला. का रुळणार नाही? तो इथे नवा होताच कुठे!

कोरोना पसरतो कसा, ते नीट समजून घेऊ. बाधित माणूस बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा विषाणू बारीक कणांतून बाहेर पडतो. बंद खोलीत हे कण बराच वेळ तरंगतात. ताप, कोरडा खोकला, वास जाणं ही लक्षणं दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासून लागण देता येते. काहींना लक्षणं कधी येतच नाहीत. म्हणजे चेहरा, वस्ती किंवा आडनाव बघून रोगी ओळखता येत नाही. वस्तूंना हात लावून लागण होण्याचा धोका त्यामानाने फारच कमी.

सोसायट्यांनी काय केलं? घरकाम करणाऱ्या बायांना गेटवर अडवलं, भाजी साबणाने धुतली आणि दारं-खिडक्या लावून आपापसात वाढदिवस केले. स्पर्शाची भीती झटकन पटली, हवेची पटली नाही. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनाही हवेतून पसरत नाही म्हणत होती, हे खरं. पण विज्ञान चूक कबूल करून पुढे गेलं. आपल्या समाजाला त्या चुकीची सवय आधीपासूनच होती.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. प्रतिपिंडं सापडली झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत, बाहेर १६ टक्के लोकांत. 'हे लोक घाणेरडेच' अशी कुजबुज आम्ही कानांनी ऐकली आहे. दहा बाय दहाची खोली, सहा माणसं, एक खिडकी, बाहेर सार्वजनिक संडासाची रांग. हात कितीही धुवा, श्वास तर एकमेकांचाच घ्यावा लागतो ना?

आणि पुनर्वसन म्हणून काय दिलं? मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड बघून या. इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. तिथे टीबी का वाढला, यावर अभ्यास झालेले आहेत. टीबीचा जंतू वेगळा, पण तोही हवेतूनच येतो. पुढचा विषाणूही बहुधा त्याच जिन्याने चढेल. कार्यकर्त्यांनो, पुनर्विकासाचा नकाशा वस्तीत आला की चटईक्षेत्राच्या आधी दोन इमारतींमधलं अंतर विचारा. आम्हाला हवं असलेलं अंतर ते आहे.