जुने वस्त्र आणि रिकामी कबर

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय काढला म्हणून वाचकांनी माझ्यावर रागावू नये. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे ज्योत करून यमासाठी दिवा आपल्या घराघरांत लागतो. चकल्यांचा घाणा चालू असतानाही आपण त्याला विसरत नाही. तेव्हा चार शब्द मीही लिहितो. लिहावयाचे कारण एक शोकसभा.

माझ्याबरोबर शिकविणारे एक ख्रिस्ती शिक्षक वारले. सभेत एक वक्ते उठले. त्यांचे नाव सांगत नाही, असे वक्ते तालुक्याच्या प्रत्येक गावी असतात. ते म्हणाले, सर्व धर्म शेवटी एकच सांगतात. देह म्हणजे वस्त्र, आत्मा अमर. गीतेने जे सांगितले तेच येशूने सांगितले. शोकसभेत टाळ्या वाजत नाहीत, नाहीतर खासच वाजल्या असत्या. मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी घरी भेटावयास गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते काल म्हणाले, ह्यांनी वस्त्र टाकलं. मग तीस वर्षं मी काय वस्त्राशी संसार केला?"

मी निरुत्तर झालो. घरी येऊन बायबल काढले, मिळाली ती पुस्तके वाचली, आणि माझ्या मान डोलावण्याची मला लाज वाटली. कारण वक्त्यांनी येशूच्या तोंडी जे घातले ते येशूचे नव्हेच. ते फार तर सॉक्रेटिसाचे आहे.

सॉक्रेटिस इसवी सनापूर्वी ३९९ साली विषाचा पेला शांतपणे प्याला. प्लेटोने त्या दिवसाची हकीगत लिहिली आहे. तीत देह हा तुरुंग आणि मरण ही सुटका. मग भ्यावयाचे कशाला? आता गेथशेमाने बागेतला येशू पाहा. तो व्याकूळ होतो, जमिनीवर पडून प्रार्थना करतो, हा पेला टळावा म्हणतो, आणि वधस्तंभावर आक्रोश करतो. मरण ही सुटका असती तर एवढा आकांत कशाला? ही तुलना माझी नव्हे. ऑस्कर कुलमान नावाच्या प्रोटेस्टंट पंडिताने १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानात ती केली. आत्म्याचे अमरत्व ही ग्रीकांची शिकवण, मेलेल्यांचे पुनरुत्थान ही नव्या कराराची, आणि दोन्ही एक नव्हेत, हे त्याचे म्हणणे. त्यावर ख्रिस्ती लोकच त्याच्यावर तुटून पडले! म्हणजे आपल्या वक्त्यांची चूक युरोपातल्या देवळांतही होतच होती.

पौल तर मरणाला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. अथेन्सला अरीयपगावर त्याचे भाषण लोकांनी ऐकून घेतले, पण मेलेले उठतात असे तो म्हणताच काहींनी त्याची टर उडविली. आत्मा अमर आहे एवढेच तो सांगत असता तर प्लेटोच्या गावात त्याला हसण्याचे कारण काय? आणि उठलेला येशू शिष्यांना दिसतो तो धुक्यासारखा नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात तो भाजलेला मासा खातो. योहानाच्या शुभवर्तमानात थोमाला हातांवरचे व्रण दाखवितो. वस्त्र टाकून दिलेला माणूस जुन्या वस्त्रावरची ठिगळे दाखवीत बसत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही शब्दांचा कीस काढता. काढतोच. सगळा घोटाळा एका शब्दाने केला आहे. 'आत्मा' म्हटले की आपल्या कानात उपनिषदे घुमू लागतात. हिब्रूतला 'नेफेश' हा शब्द मात्र गळा, श्वास, प्राण असल्या अर्थांचा. उत्पत्तीच्या कथेत देव मातीच्या माणसात श्वास फुंकतो आणि माणूस नेफेश 'होतो'. त्याला नेफेश 'मिळत' नाही. याला आपल्या घरातला शब्द आहे, 'जीव'. जीव घाबरा होतो, जीव भुकेने कळवळतो, लेकरावर जीव जडतो, घरात पाच जीव खाणारे असतात. यातला कोणता जीव देहावाचून राहील? फादर स्टीफन्सने १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटले. मराठी माणसाशी बोलावयाचे तर त्याला दुसरा मार्ग नव्हता, आणि त्याच्या ओव्यांबद्दल मला प्रेमच आहे. पण उसना शब्द घेतला की त्याच्याबरोबर त्याच्या घरची माणसेही येतात.

कुलमानचेही सगळेच मला पटत नाही. त्याने रेघ फार सरळ ओढली. देहावाचून आत्मा उरतो हे ख्रिस्ती चर्च पूर्वीपासून मानीत आले, आणि १५१३ साली लॅटरनच्या परिषदेने प्रत्येकाचा आत्मा अमर असल्याचे ठासून सांगितले. पण तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस, जो आत्मा उरतो असे मानणाराच, पौलाच्या पत्रावरील भाष्यात म्हणतो की आत्मा हा माणसाचा भाग आहे. नुसता आत्मा तरला म्हणजे माणूस तरला असे नव्हे. हे वाक्य मी वहिनींना वाचून दाखविले असते तर त्यांनी त्याला चहा पाजला असता.

भस्म झालेला देह परत येणार कसा, हे चार्वाकांनी विचारले तेच मीही विचारतो. नरभक्षकाने खाल्लेल्या माणसाचे काय होणार, याचा काथ्याकूट ऑगस्टीनने आपल्या मोठ्या ग्रंथात गंभीरपणे केला आहे. तो वाचून मला हसू आले. मग वाटले, माणसाच्या कणाकणाची एवढी काळजी वाहणारा हा माणूस 'वस्त्र' म्हणून हात झटकणाऱ्यापेक्षा बरा. १८८६ साली रोमने दहनास बंदी केली, १९६३ साली ती उठविली. तरीही अस्थी वाऱ्यावर उधळू नयेत, असे २०१६ साली पुन्हा बजावले. दहन हा माझ्या घरचा संस्कार आहे. मला त्यात काही अशुभ दिसत नाही. पण त्या आग्रहामागे देहाबद्दलची जी माया आहे, ती पुसून टाकण्याचा अधिकार मला कोणी दिला?

मेलेले उठतील की नाही, मला ठाऊक नाही. मी ख्रिस्ती नाही. माझे भांडण इतकेच, की शेजाऱ्याची श्रद्धा त्याला न विचारता आपल्या मापाची शिवून त्याच्या अंगावर चढवावयाची आणि याला औदार्य म्हणावयाचे, हे थांबवा. ती श्रद्धा खोटी म्हणा हवी तर. तो निदान तिच्याशी सरळ वाद होईल.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी वहिनींबरोबर दफनभूमीत गेलो होतो. त्यांनी मेणबत्ती लावली, फुले ठेवली आणि मातीवर हात फिरवून म्हणाल्या, "ह्यांच्या उजव्या हाताला खडूनं भेगा पडायच्या. रोज रात्री खोबरेल लावून द्यायची मी. उठतील तेव्हा तो हात मी ओळखीन." वारा होता. मेणबत्ती दोनदा विझली. मी ओंजळ धरली, त्यांनी ती तिसऱ्यांदा लावली.